पदवीनंतरचं पहिलं वर्ष: सीमाभागातल्या पोरापोरींसाठी कामाची माहिती

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पदवीधराला एकाच वेळी दोन राज्यांत प्रयत्न करता येतात. बँकेचा अर्ज कर्नाटकातून भरता येतो, नाहीतर महाराष्ट्रातून. नोकरी उद्यमबागेत मिळते, मच्छेत मिळते, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मिळते, किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात वेर्ण्याला. एवढ्या वाटा पुण्याच्या पोरांनाही नसतात. अडचण अशी की प्रत्येक वाटेला वेगळा दाखला लागतो, आणि जाहिरात आल्यावर दाखला काढायला धावलं की अर्जाची मुदत नाडकचेरीच्या, म्हणजे दाखले देणाऱ्या महसूल कचेरीच्या, फेऱ्यांतच संपते. पहिलं वर्ष हातातून जातं ते बहुतेक वेळा असं, कागदापायी आणि तारीख न ठरवल्यापायी. हुशारीचा संबंध त्यात कमी.

आधी फाईल

निकालानंतरचा पहिला दीड महिना कागदांना द्या. कॉलेजातून सगळ्या सेमिस्टरची मार्क्स कार्डं, प्रोव्हिजनल डिग्री सर्टिफिकेट आणि टीसी घ्यायची. पदवीदान समारंभ कधी होईल याची वाट बघू नका, प्रोव्हिजनलवर बहुतेक कामं भागतात. विद्यापीठ बदलणार असाल तरच मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. राणी चन्नम्मा विद्यापीठातून बी.ए. करून शिवाजी विद्यापीठात एम.ए.ला जाणाऱ्यानं ते प्रवेशाआधीच मागून ठेवावं. मूळ प्रत तिकडं जमा होते, त्यामुळं स्कॅन आणि झेरॉक्स काढून मगच द्या. निपाणीकरांची गंमत वेगळी. घर कर्नाटकात आणि देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात. त्यांची दहावी एका राज्याची, पदवी दुसऱ्याची. ऑनलाइन अर्जात बोर्ड आणि विद्यापीठ यांचं राज्य निवडताना इथं हमखास घोळ होतो, आणि कागदपत्र तपासणीच्या दिवशी तो निस्तरत बसावं लागतं.

मग नाव तपासा. एसएसएलसी (दहावी), पीयूसी (बारावी) आणि पदवीची मार्क्स कार्डं, आधार, पॅन, बँकेचं पासबुक हे सगळं टेबलावर ओळीनं मांडा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडून बघा. आपल्याकडं एका कार्डावर आडनाव शेवटी, दुसऱ्यावर आधी, तिसऱ्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर असं सर्रास असतं. प्रमाण मानायचं ते एसएसएलसीचं कार्ड. आधार आणि पॅन त्याप्रमाणं करून घ्यायचं, कारण बोर्डाकडून दहावीचं नाव दुरुस्त करायचं म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत अर्ज आणि महिनोन्महिने वाट. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून स्पेलिंग पक्कं ठरल्याशिवाय आधार केंद्रात जाऊ नका. ‘एकदा करून बघू’ म्हणून गेलेल्यांची एक संधी अशीच खर्ची पडते.

गावाच्या नावाचाही एक बारीक गुंता आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून जिल्ह्याचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण त्याआधीच्या जन्मदाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर ‘बेल्गाम’ असं इंग्रजी स्पेलिंग आहे. अर्जातल्या यादीत जे नाव दिसतं तेच निवडायचं. जुन्या दाखल्यावर जुनं नाव असलं म्हणून तो बाद होत नाही, त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र करायला कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

नाडकचेरीत काय काढायचं

जात, उत्पन्न आणि रहिवास. रेशनकार्ड, आधार, शाळेचा दाखला, आणि जातीसाठी वडिलांचा किंवा सख्ख्या नातेवाइकाचा जातीचा दाखला सोबत घ्या. अर्ज गावातल्या ग्राम वन केंद्रातूनही भरता येतो. दाखल्यावर ‘आरडी’नं सुरू होणारा नंबर असतो, कर्नाटक सरकारच्या बहुतेक अर्जांत तोच मागतात. फोनमध्ये लिहून ठेवा.

अर्ज दिल्यावर पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. कर्नाटकाच्या सेवा हमी कायद्याखाली, म्हणजे ‘सकाला’खाली, प्रत्येक सेवेला मुदत बांधून दिलेली आहे आणि पावतीवरच्या जीएससी नंबरावर अर्ज कुठं अडलाय ते ऑनलाइन दिसतं. नंबर नसला की तुम्ही नुसते विचारपूस करणारे ठरता. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर महसूल खात्याची माणसं त्यात गुंतलेली असतात. दाखल्यांची कामं दिवाळीआधी उरकलेली बरी.

काउंटरवर चार वाक्यं कन्नडमधून आली तर काम लवकर होतं. ‘एष्ट दिना आगतैत्री?’ म्हणजे किती दिवस लागतील. ‘रसीदि कोड्री’, पावती द्या. ‘हेसरु तप्प बंदैत्री, सरि माडि कोड्री’, नाव चुकीचं आलंय, दुरुस्त करून द्या. ‘यार हत्तिर होगबेकु?’, कोणाकडं जायचं. शेवटचा ‘री’ विसरू नका, आपल्या भागातल्या कन्नडचा सगळा मान त्यात आहे. उत्तर बहुधा ‘सर्वर डाउन ऐती, नाळे बर्री’ असंच येतं, म्हणजे उद्या या. तेवढं कळलं तरी उगाच तासभर ताटकळणं वाचतं.

जातीच्या रकान्यात चुका जास्त होतात. कर्नाटकाच्या यादीत मराठा समाज ३-बी गटात आहे. महाराष्ट्राची यादी वेगळी, आणि केंद्राची ओबीसी यादी त्याहून वेगळी. राज्याचा दाखला हातात आहे म्हणून रेल्वेच्या किंवा बँकेच्या अर्जात ओबीसीवर टिक करणारे पुढं कागदपत्र तपासणीत बाहेर पडतात, लेखी परीक्षा पास होऊनसुद्धा. केंद्राच्या यादीत आपली जात राज्यासह शोधा. तिथं नसेल आणि घरचं उत्पन्न व जमीन निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला केंद्राच्या नमुन्यात काढा. तो एका आर्थिक वर्षापुरताच चालतो, १ एप्रिलनंतर नवा लागतो.

खेड्यातल्या शाळेत शिकलेल्यांनी एक दाखला हमखास काढावा, जो आपली पोरं विसरतात. पहिली ते दहावी ग्रामीण भागातल्या शाळेत झाली असेल तर कर्नाटक सरकारच्या नोकऱ्यांत ग्रामीण उमेदवार म्हणून आरक्षण मिळतं. शाळा मराठी माध्यमाची असली तरी चालते, अट गावाची आहे. मुख्याध्यापकांची सही आणि त्यावर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची प्रतिस्वाक्षरी लागते. सातवीपर्यंत एका शाळेत आणि पुढं दुसरीकडं शिकला असाल तर दोन्ही शाळांतून काढा. मे महिन्यात शाळा बंद असतात, हे ध्यानात ठेवा.

महाराष्ट्रासाठी लागणारा कागद

महाराष्ट्र सरकारच्या नोकरीला साधारणपणे तिथलं अधिवास प्रमाणपत्र मागतात. पण महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना त्यात सवलत आहे. १० जुलै २००८ च्या शासन परिपत्रकानुसार, या गावांत १५ वर्षं वास्तव्य असल्याचा तहसीलदारांचा विहित नमुन्यातला दाखला जोडला की अर्ज करता येतो. पोलीस भरतीपासून लोकसेवा आयोगापर्यंतच्या जाहिरातींत हा मजकूर बहुधा बारीक अक्षरात, शेवटच्या पानांवर असतो. आपलं गाव यादीत आहे का ते आधी बघा. शेजारचं गाव आहे म्हणून आपलंही असेल असं धरू नका. नमुना जाहिरातीतूनच छापून न्यायचा. तहसील कार्यालयातून त्यांच्या नेहमीच्या छापील नमुन्यातला रहिवासी दाखला मिळाला तर तो विहित नमुन्यातला नसल्यानं पुढं नाकारला जाऊ शकतो.

एमबीए किंवा तत्सम अभ्यासक्रमाला महाराष्ट्राच्या सीईटीतून जायचं असेल तर प्रवेश नियमांत सीमाभागासाठी ‘टाइप ई’ अशी वेगळी उमेदवारी आहे. तिथं मातृभाषा मराठी असल्याचा आणि गाव वादग्रस्त भागात असल्याचा दाखला लागतो. ‘महाराष्ट्राबाहेरचा’ हा पर्याय निवडून मोकळे झालेल्यांच्या जागा आणि फीची सवलत दोन्ही जातं.

स्कॅनचं काम एकदाच, नीट करा. बँकांच्या परीक्षेला फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, अंगठा २० ते ५० केबी आणि हातानं लिहिलेलं इंग्रजी घोषणापत्र ५० ते १०० केबी लागतं. सही काळ्या शाईनं, पांढऱ्या कागदावर, कॅपिटल अक्षरांत नको. ही पूर्ण फाईल फोनमध्ये, मेलवर आणि एका पेनड्राइव्हवर असू द्या. सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर आधार आणि मार्क्स कार्डं तशीच सोडून येऊ नका.

एक वाट, एक तारीख

कागद निघेपर्यंत वाट ठरवायची. नोकरी, स्पर्धा परीक्षा, पुढचं शिक्षण, घरचा धंदा किंवा शेती: यातलं एक मुख्य आणि फार तर एक जोडीला. चुकतं ते असं: सकाळी एमपीएससीचा क्लास, दुपारी बँकेचं गणित, रात्री केपीएससीची (कर्नाटक लोकसेवा आयोगाची) पीडीएफ, आणि शिवाय एम.ए. बाहेरून. केपीएससीला कर्नाटकाचा इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था लागते, एमपीएससीला महाराष्ट्राची. दोन्हींचा अभ्यास एका वर्षात एकत्र झेपत नाही, कोणतीही एक सोडा. बँक, स्टाफ सिलेक्शन आणि रेल्वे मात्र एकत्र चालतात, कारण गणित, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञानाचा गाभा सारखा आहे. इंग्रजी बँकेला जास्त, रेल्वेला जवळपास नाही.

सीमाभागातल्या मराठी पोरांना बँकेची क्लार्कची परीक्षा सर्वांत जवळची वाटते, आणि ते बरोबर आहे. अर्ज एकाच राज्यातून करता येतो आणि त्या राज्याची भाषा यावी लागते. कर्नाटकाला कन्नड, महाराष्ट्राला मराठी, गोव्याला कोंकणी. दहावीच्या मार्क्स कार्डावर तो विषय असेल तर भाषेची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. मराठी माध्यमातून कर्नाटक बोर्डाची दहावी केलेल्याच्या कार्डावर मराठी आणि कन्नड दोन्ही असतात, म्हणजे दोन्ही राज्यांची चावी खिशात. मग निवड कशी करायची? दोन्ही राज्यांतल्या जागांची संख्या आणि मागच्या वर्षीचा आपल्या प्रवर्गाचा कटऑफ शेजारी-शेजारी लिहून काढा आणि त्यावर ठरवा. ‘घराजवळ पोस्टिंग मिळेल’ या आशेवर राज्य निवडू नका. कर्नाटकातून लागलात तर पहिली शाखा रायचूरकडची असू शकते, आणि ग्राहक कन्नडमध्येच बोलणार.

नावांचा एक घोळ इथंच सांगून टाकलेला बरा. रेल्वे भरती मंडळालाही आरआरबी म्हणतात आणि ग्रामीण बँकांनाही. ग्रामीण बँकेच्या परीक्षेसाठी रेल्वेचं पुस्तक विकत घेणारे दरवर्षी भेटतात. आपल्या भागातली कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, जुन्या पुस्तकांत आधीचं नाव दिसेल. रेल्वेची परीक्षा मराठीतूनही देता येते, पर्याय अर्ज भरतानाच निवडायचा असतो.

कन्नडचा प्रश्न टाळून चालत नाही. राज्य सरकारच्या भरतीत सक्तीचा कन्नड पेपर असतो. त्यात पास व्हावं लागतं, पण ते मार्क मेरिटमध्ये धरत नाहीत. कोणाला सूट आहे ते त्या-त्या जाहिरातीत बघा. अक्षरओळख शाळेत झालेली असते, फक्त गंजलेली असते. ती घासायला रोज अर्धा तास आणि तीन महिने पुरतात. पहिला महिना वाचन: बसच्या पाट्या, दुकानांचे फलक, रेशनकार्ड. गावांची नावं आधीच माहीत असल्यानं अक्षरं आपोआप जुळतात. दुसऱ्या महिन्यात कन्नड वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी मोठ्यानं वाचायची. तिसऱ्यात लिहायला घ्यायचं: अर्ज, पत्र, दहा ओळींचा निबंध. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’, ‘ओ’ इथं मराठी माणूस अडखळतो, कारण आपल्याकडं तो फरक लिहीत नाहीत. बोलायची भीती मात्र पुस्तकानं जात नाही, शनिवारच्या बाजारात जाते.

परीक्षेच्या वाटेला शेवटची तारीख लावल्याशिवाय पाऊल टाकू नका. एक ढोबळ कसोटी: तीन महिने नीट अभ्यास करून, वेळ लावून वीस सराव पेपर सोडवल्यावरही मागच्या कटऑफच्या बरेच खाली असाल, तर पूर्णवेळ तयारी थांबवून नोकरी धरा आणि अभ्यास सकाळच्या दोन तासांवर आणा. जवळ पोचला असाल तर आणखी एक परीक्षा पूर्णवेळ द्या. पेपर सोडवून चुका न तपासणं हा दुसरा मोठा रोग. एक तासाच्या पेपरला दीड तास तपासणी हवी: कोणता प्रश्न आला नाही, कोणता येत असून चुकला, कोणत्यावर फार वेळ गेला.

नोकरी: आकडा कोणता बघायचा

कंपनी सांगते तो आकडा सीटीसी, म्हणजे तुमच्यावर तिचा होणारा एकूण खर्च, आणि खात्यात येतो तो वेगळा. महिना २० हजार सीटीसीचं उदाहरण घ्या, बेसिक १२ हजार धरून. त्यातून मालकाचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४०, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ५७७ आणि मालकाचा ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) ३.२५ टक्के आधीच वजा असतो. उरतो ग्रॉस पगार साधारण १७,४००. त्यातून तुमचा पीएफ १,४४० आणि ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १३१ रुपये जातात. नोकरी महाराष्ट्रात असेल तर पुरुषाला व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. बाईला २५ हजारांपर्यंत तो माफ आहे. कर्नाटकात २५ हजारांखाली कोणालाच नाही. म्हणजे पुण्यात पोराच्या हातात साधारण १५,६०० पडतात.

आता खर्च. पुण्यात कॉट बेसिसवर ४,५००, दोन वेळची मेस ३,५००, बस १,२००, रिचार्ज ३००, नाष्टा-चहा-साबण १,५००, महिन्यातून एकदा गावी येणं १,०००. झाले १२ हजार, उरले ३,६००. हाच पोरगा उद्यमबागेत १३ हजार हातात घेऊन घरी राहिला, बस आणि वरखर्चाला २,७०० गेले, तर १०,३०० उरतात. आकडे तुमच्या गावाप्रमाणं बदलून घ्या, मांडणी हीच ठेवा. पुण्याला जाऊ नये असं यातून निघत नाही. जे काम शिकायला मिळणार आहे ते बेळगावात शिकता येत नसेल, तर दोन वर्षं ३,६०० वर काढणं परवडतं. पण तेच डेटा एंट्रीचं काम, तोच कॉल सेंटरचा फोन, आणि नुसतं ‘पुण्याला हाय’ म्हणण्यासाठी जाणं परवडत नाही.

जाताना किमान २० हजार रोख हाताशी हवेत: डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं मिळून ९ हजार, मेस, गादी-बादली, येणं-जाणं, आणि पहिला पगार येईपर्यंतचा खर्च. महिन्याच्या २० तारखेनंतर रुजू झालात तर पुष्कळ ठिकाणी तेवढ्या दिवसांचा पगार पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर देतात, म्हणजे चाळीस दिवस रिकाम्या खिशानं. रुजू व्हायची तारीख मागून घेता आली तर १ ते ५ मधली घ्या. बंगळुरूत फ्लॅटचं डिपॉझिट कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढं मागतात, सुरुवातीला पीजीच बरं.

भाड्यानं राहायला गेल्याबरोबर आधारचा पत्ता पुण्याचा किंवा कोल्हापूरचा करून घेण्याची घाई करू नका. मुलींना राज्याच्या साध्या बसमधून शक्ती योजनेत मिळणारा मोफत प्रवास, बेरोजगार पदवीधरांचा युवानिधी भत्ता, नाडकचेरीचा रहिवासी दाखला, हे सगळं कर्नाटकाच्या पत्त्यावर उभं आहे. भाडेकराराच्या प्रतीवर बँकेचं आणि कंपनीचं काम भागतं.

मूळ मार्क्स कार्डं कोणाकडंही ठेवायला देऊ नका. पडताळणीला दाखवायची, परत घ्यायची. नोकरी लावतो म्हणून नोंदणी फी, युनिफॉर्मचे पैसे, लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारा एजंट असला की उठून यायचं, मग तो गावातलाच ओळखीचा असला तरी.

उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये पदवीपेक्षा हाताला किंमत आहे. बी.एस्सी. झालेल्यानं मोजमापाची साधनं, व्हर्नियर, मायक्रोमीटर, ड्रॉइंग वाचणं एवढं शिकून घेतलं तर क्वालिटी विभागात शिरकाव होतो. सरकारी टूल रूमचं, म्हणजे जीटीटीसीचं केंद्र बेळगावात आहे, तिथल्या अल्प मुदतीच्या कोर्सची चौकशी करा. बी.कॉम.वाल्यानं एखाद्या कर सल्लागाराकडं एक पूर्ण आर्थिक वर्ष काढावं. पगार लाजिरवाणा असतो, पण जीएसटीची दर महिन्याची विवरणपत्रं, टीडीएस, मार्चअखेर आणि ऑडिट असा सगळा फेरा हाताखालून जातो. मध्येच सोडलं तर अर्धंच शिकता.

मधल्या काळात पैसा कुठून

पास होऊन सहा महिने नोकरी नसेल तर कर्नाटकाच्या युवानिधीतून पदवीधराला महिना ३,०००, डिप्लोमावाल्याला १,५०० रुपये मिळतात, जास्तीत जास्त दोन वर्षं. कर्नाटकात किमान सहा वर्षं शिकल्याचा पुरावा लागतो. पुढचं शिक्षण घेणारे आणि अप्रेंटिसशिपवर असलेले यात बसत नाहीत. अर्ज सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर. पैसे बंद पडायचं नेहमीचं कारण म्हणजे ‘अजून बेरोजगार आहे’ ही स्वयंघोषणा मुदतीत न भरणं. फोनवर आठवण लावून ठेवा.

केंद्राच्या योजनेतून पदवीधर अप्रेंटिसशिप एक वर्षाची असते. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन ९,००० ठरलं होतं, त्यापेक्षा कमी कोणी सांगत असेल तर करार वाचा. अप्रेंटिसला पीएफ कापत नाहीत, आणि वर्षाअखेर कायम करतीलच असंही नाही. प्रमाणपत्र मात्र नक्की घ्या.

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेत जाऊन हप्ता कधीपासून ते लेखी घ्या. साधारणपणे कोर्स संपल्यावर एक वर्षाची सूट असते, पण व्याज त्या वर्षातही चढत असतं. ४ लाख १० टक्क्यांनी घेतले असतील तर वर्षाला ४० हजार. ते महिन्याच्या महिन्याला, म्हणजे ३,३३३ रुपये भरत गेलात तर सात वर्षांचा हप्ता साधारण ६,६४० बसतो. नाही भरलं तर व्याज मुद्दलात मिळून हप्ता ७,३०० च्या घरात जातो. वडील सहकर्जदार असतात, त्यामुळं थकलेला हप्ता त्यांच्या पीककर्जाच्या अर्जात उगवतो. हप्ता जमणार नाही असं दिसलं तर तारीख उलटायच्या आधी शाखेत जाऊन सांगा. मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला हात लावू नका, ती तुमच्या फोनमधली सगळी नावं घेतात आणि वसुलीला पाहुण्यांना फोन करतात.

घर, शेत आणि डोकं

घरात बसून अभ्यास करणारा पोरगा म्हणजे घरच्यांच्या लेखी मोकळा माणूस. गॅस आणायला तोच, उताऱ्याला तोच, आजीला दवाखान्यात न्यायला तोच. यावर भांडून उपयोग नाही, हिशेब ठरवावा. जुलैतली रोप लावणी आणि नोव्हेंबरातली भाताची सुगी यांचे दिवस आधीच घरच्यांबरोबर बसून नक्की करा. त्या दिवसांत पुस्तक बंद, पूर्ण दिवस शेतात. त्याच्या बदल्यात एरवी सकाळी सहा ते अकरा कोणी हाक मारायची नाही. सलग दहा दिवस बुडाले तरी अभ्यास भरून निघतो, रोजचे दोन-दोन तास तुटले तर निघत नाही.

‘काय करायलास सध्या?’ हा प्रश्न लग्नात, जत्रेत, बसस्टँडवर येणारच. ‘बघायलोय’ असं उत्तर दिलं की पाठोपाठ सल्ले येतात. ‘बँकेची परीक्षा देतोय, मार्चपर्यंत, नाही झालं तर नोकरी’ एवढं एका दमात सांगा, पुढचं बोलणं ऊसदराकडं वळतं. मुलींच्या मागं याच वर्षी स्थळं लागतात. नुसतं ‘आत्ता नको’ म्हटलं की घरचे ते लाजणं समजतात. अमुक परीक्षा, अमुक महिना, असं तारखेनिशी सांगितलं आणि आईबरोबर एखादी काकी किंवा मामी आधी आपल्या बाजूला वळवली तर वर्षभराची सवड मिळते. अभ्यास घरी होत नसेल तर अभ्यासिका लावा, घरापासून लांब असली तरी चालेल.

झोप उलटीपालटी होणं, आठवडाभर कोणाशी न बोलणं, निकालाच्या नुसत्या विचारानं छातीत धडधडणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, रात्रीही लागतो. प्रत्यक्ष डॉक्टरांना भेटायचं असेल तर धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था डिमहान्स आहे, बेळगावहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

वर्ष भरत आलं की

नोकरी बदलली असेल तर नवा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तयार होऊ देऊ नका. जुना यूएएन नव्या कंपनीला द्या आणि आधीची रक्कम त्यात वळवून घ्या. काढून खाल्लेला पीएफ तेव्हा दहा-बारा हजारांचा वाटतो, पण पेन्शनच्या नोकरीची वर्षंही त्याबरोबर तुटतात. जुन्या कंपनीकडून अनुभवपत्र आणि कार्यमुक्तीचं पत्र, दोन्ही लेटरहेडवर, शेवटच्या तीन पगारपत्रकांसह घ्या. एचआर बदलला की ते मिळवायला महिने जातात.

वर्ष तयारीत गेलं असेल तर बायोडेटात ते लपवू नका. ‘जून ते मे: बँक परीक्षांची तयारी; पूर्वपरीक्षा उत्तीर्ण; याच काळात टॅली आणि कन्नड लेखन-वाचन’ अशी एक ओळ पुरते. मुलाखतीत गॅपबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत सांगा: काय ठरवलं होतं, आणि कुठपर्यंत पोचलात. तिसरं वाक्य सुरू झालं की माणूस सबबी सांगायला लागतो, आणि समोरच्याला ते लगेच कळतं. कागलच्या किंवा शिरोलीच्या कारखान्यात मुलाखत असेल तर ‘कन्नड येतं’ हे आवर्जून सांगा. कामगारांत सीमेपलीकडची माणसं असतात, आणि त्यांच्याशी बोलू शकणारा सुपरवायझर त्यांना हवाच असतो.